पावती क्रमांक एकशे सतरा

कापणीच्या सणाला लिलाव पुकारायचं काम माझं.
नवापूरला, रंगावलीच्या पुलाअलीकडे,
पाच हजार खुर्च्यांच्या मंडपात
देवाला आलेलं सगळं मी माइकवरून विकतो.
भाताचं पोतं, तुरीची पेंडी, भोपळे,
एकदा तर एक टेबलफॅन, बिघडलेला.

यंदा रेमतीबाई वळवी कोंबडी घेऊन आली.
गावरान, तपकिरी.
पाय लुगड्याच्या काठाने बांधलेले.
ज्या तालुक्यात पोल्ट्रीच्या शेडांत रात्रभर दिवे जळतात
आणि पांढरे पक्षी लाखांत मोजतात,
तिथे ही एक.
मी म्हणालो, शंभर.
मागून कुणीतरी म्हणालं, एकशे वीस.

मग पास्टर नथानिएल उठले.

सुरत रस्त्यावरचा त्यांचा बंगला, पांढरी गाडी,
आणि ते घड्याळ, ज्याबद्दल निवृत्त ओबेद सर
स्टँडवरच्या चहाला रोज म्हणतात,
माझी दोन वर्षांची पेन्शन
त्या मनगटावर टिकटिकतेय.
डाव्या हाताला कळू देऊ नको असं लिहिलंय, भाऊ,
आणि इथे डाव्या हातासाठी वेगळा कॅमेरावाला.
सगळे हसतात. मीही हसतो.
मग आठवतं, माझ्या पोरीची नर्सिंगची फी
तीन वर्षं कुणी भरली, एकही फोटो न काढता.
चहा अर्धा टाकून उठतो.

पाच हजार एकशे एक, म्हणाले पास्टर.
मंडप उभा राहिला. ड्रोन खाली आला.
ते स्टेजवरून उतरले, कोंबडी काखेत घेतली.
ती घाबरून त्यांच्या सुटाच्या बाहीवर शिटली,
तर ते मोकळेपणी हसले,
स्वतःच्या रुमालाने पुसलं
आणि रेमतीबाईच्या हातात कोंबडी परत दिली.
आई, देवाला पोचली. आता ही तुमचीच.

हालेलुया इतका मोठा
की स्पीकर फाटला.

मी पावती फाडली.
नाव : नथानिएल. वस्तू : कोंबडी, नग एक.
रक्कम अक्षरी.

दिवे उतरवताना ती माझ्या टेबलापाशी आली,
कोंबडी पदराखाली.
माझं लिहिलं का?
म्हटलं, आई, तुम्हाला तर परत मिळाली ना.
मिळाली, म्हणून तर विचारते.
देवाला दिलेली माझ्याच घरी चालली.
मग मी काय दिलं?

रजिस्टरात रकाने आठ आहेत.
मी आठही बघितले.

माणूस चांगला आहे, ती म्हणाली,
जणू माझीच समजूत घालत होती.
माझ्या धाकट्याला दवाखान्यात त्यानेच नेलं.
पण त्याच्याकडे द्यायला किती आहे!
माझ्याकडे ही होती.
एवढी तरी मला देऊ द्यायची.

मंगळवारी चौकात बॅनर लागला.
पास्टर, कोंबडी, रेमतीबाई.
तिघांत कॅमेऱ्याकडे बघणारा एकच.
ओबेद सरांनी चहाला आठवडाभर तोच विषय पुरवला,
आणि रेमतीबाईचं नाव
त्यांनीही विचारलं नाही.

चार रविवार गेले.
पाचव्याला टेबलाखाली स्टीलचा डबा,
कोंड्यात रोवलेली तीन अंडी.
एकावर मातीचं बोट उमटलेलं.
वर बघितलं तर ती बायकांच्या बाजूला
मान खाली घालून बसलेली,
ओठांवर बोट ठेवून.

पुकारली नाहीत.
पावती फाडली नाही.
मिशनच्या दवाखान्यात माझी पोर रात्रपाळीला होती,
तिच्या हाती दिली, बाळंतिणींच्या वॉर्डासाठी,
कुणाची ते न सांगता.

पास्टरांना सांगावं असं फार वाटलं.
त्यांना आवडलं असतं, अगदी मनापासून.
डोळे भरून आले असते त्यांचे.
आणि पुढच्याच रविवारी,
पाच हजार खुर्च्यांसमोर,
त्यांनी तिला उभं केलं असतं.