बागकाम

फाल्कोच्या फोनवर गटाचं नाव होतं 'बागकाम'.
चष्मा पुसून पुन्हा वाचलं, तेव्हा जीव भांड्यात पडला.
लाउझित्सची खाण बंद झाली तेव्हापासून
या घरात कोणी काही लावलं नव्हतं.
दुसऱ्याच दिवशी बाजारातून काकडीची रोपं आणली,
सहा, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून.
तो हसला. खूप महिन्यांनी.
"ठेव बाल्कनीत," म्हणाला.

जेवताना फोन थरथरायचा, टेबलावरचे चमचे किणकिणायचे.
माणसं चांगली असावीत, वाटायचं मला.
अक्कलदाढ ठणकत होती तेव्हा कुणीतरी लिहिलं,
लवंग धर दाताखाली.
वाढदिवसाला, रात्री बाराच्या ठोक्याला,
एकोणचाळीस शुभेच्छा.
बापाची एकही नाही.

गट मधूनच नाहीसा व्हायचा.
"बंद केला त्यांनी," एवढंच बोलायचा,
आणि जेवणाची ताटं विसळेपर्यंत
तीच माणसं दुसऱ्या ॲपवर, दुसऱ्या नावाखाली:
मासेमारी. मग जुन्या मोटारसायकली.
मग पुन्हा बागकाम.
वाचलेले निरोप आपोआप पुसले जायचे,
ओल्या फडक्याने ओटा पुसावा तसे.

काल दोन अधिकारी आले.
छापलेले कागद ठेवले माझ्यापुढे, तारखेवार.
शनिवारी तण काढायचं.
कुठलं?
जुन्या शाळेत उगवलेलं.
हातमोजे कोण आणणार?
फाल्को.

जुन्या शाळेत नऊ कुटुंबं राहतात.
त्यातल्या लुआमने मागच्या हिवाळ्यात
बर्फावरून घसरताना माझा दंड धरला होता,
बटाट्यांची पिशवी वरपर्यंत आणून दिली होती.
फाल्कोनेच दार उघडलं होतं तिला.

तण खाई धन, म्हणायचा माझा बाप शेतावर.
तिसऱ्या पानावर तेच वाक्य,
माझ्या मुलाच्या नावापुढे. खाली सतरा टाळ्या.
मीच शिकवलं होतं ते.
पाच वर्षांचा होता, गाजराच्या वाफ्यात,
खुरपं त्याच्या हातात मोठं व्हायचं.

"हाइडरुनबाई, काहीच संशय आला नाही?"
मी बाल्कनीचं दार उघडलं.
वेल गजापर्यंत चढलाय.
सुतळी बांधलेली, दुहेरी गाठ मारून.
ती मी बांधलेली नाही.

मागे टेबलावर, मोहोरबंद पारदर्शक पिशवीत
फोन थरथरला.
अधिकारी बाईच्या आधी मीच वाचलं.
नवा गट. नाव: पाककृती.
कुणीतरी विचारत होतं,
दाढ कशी आहे आता?