लुचेचं सातवं पुस्तक

सहावं पुस्तक संपलं आणि एलीसेओचा आवाज फुटला.
माझ्या हातात सातव्याचं पहिलंच पान होतं.

चिलोएच्या कुशीतल्या एका लहानशा बेटावर
धक्क्याच्या खिडकीत बसून मी लाँचची तिकिटं फाडते,
आणि दोन फेऱ्यांच्या मधे
हिशेबाच्या वहीत, मागच्या बाजूनं, गोष्टी लिहिते.
सगळ्या एकाच मुलाच्या, माझ्या भाच्याच्या,
आणि एका पुडूच्या.
पुडू म्हणजे हरीणच, पण गुडघ्याएवढं:
करणाऱ्यानं मोठ्या हौसेनं करायला घ्यावं
आणि मातीच संपावी, असं.
नाव लुचे. आमच्याकडे खायच्या शेवाळाला लुचे म्हणतात.
पहिल्या पानावर तो तसाच काळपट, तसाच ओला,
खडकाला चिकटून बसलेला सापडला होता.

दुसऱ्या पुस्तकात तो बोलू लागला,
गरम बटाटा तोंडात धरून बोलावं तसा.
तिसऱ्यात दोघांनी कोल्ह्याला फसवलं.
चौथ्यात एलीसेओला ताप आला, खराखुराच आला होता,
तेव्हा लुचे रात्रभर त्याच्या उशाशी.
खुरं वाजू नयेत म्हणून लोकरीचे मोजे घालून. चारही पायांत.
ते मोजे मी विणलेसुद्धा. असतील अजून कुठेतरी.
पाचवं मला स्वतःला आवडत नाही.

सातव्यात शेवट करायचा, एवढं ठरलं होतं.
त्यात मी मिंगा घातली.
मिंगा म्हणजे अख्खं घर हलवायचं:
खाली ओंडके, पुढे बैलांच्या सहा जोड्या, सारा गाव दोरखंडाला,
मग भरतीच्या पाण्यावर तरंगत, खिडक्यांसकट,
पलीकडच्या बेटावर.
घर निघालं. लुचे किनाऱ्यावर राहिला.
चूलसुद्धा बरोबर नेली, आणि एक हरीण नेता येईना!
लिहिताना मी इतकी रडले
की साडेचारच्या लाँचला दोघं फुकट गेले.

एलीसेओनं वाचलं. उभ्या उभ्या, सफरचंद खात.
अर्ध्या आपल्या, अर्ध्या दुसऱ्याच कुणाच्या आवाजात म्हणाला,
"मावशी, घराला कशाला मधे घातलंस?
घराचा काय दोष?
तो नुसता एके दिवशी गेला नाही, असं लिही ना."
मग?
"मग काही नाही. फुटबॉल होता."

बैल खोडले. सहाच्या सहा जोड्या.
दोरखंड खोडला. समुद्र खोडताना कागद फाटला.
नव्या पानावर लिहिलं:
त्या दिवशी फुटबॉल होता.
दुसऱ्या दिवशी बूट ओले होते.
तिसऱ्या दिवशी काहीच नव्हतं, तरी तो गेला नाही.
चौथा दिवस त्यानं मोजला नाही.

आणि लुचे?
त्याला मी कुंपणापाशी उभा करणार होते, कान टवकारून.
तीनदा लिहिला तसा,
तिन्ही वेळा तो वळून झाडीत गेला
चिल्कोची लाल फुलं खायला.
वाट मीच पाहत होते, खिडकीत.
त्याचं बोलणं एकाच कानासाठी होतं.
तो कान गेल्यावर तो पुन्हा नुसतं हरीण झाला,
आणि हरणाला त्याचं काही वाटत नाही.
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मार्चमध्ये तो कास्त्रोच्या वसतिगृहात निघाला.
खिडकीत आता त्याचा चेहरा मावेना, वाकावं लागलं.
सवयीनं मी अर्धं तिकीट फाडलं.
"पूर्ण लागतं आता," म्हणाला.
पैसे मोजून आणले होते, मुठीत, गरम झालेले.

लाँचनं भोंगा दिला. तो चार पावलं गेला, परत आला,
इकडेतिकडे बघितलं, आणि विचारलं,
जसं काही कुणा तिऱ्हाइताचं हरीण:
"फुलं संपल्यावर, थंडीत, काय खातो गं तो?"
"पानं. साल. कोवळं मिळेल ते."
"पुरतं?"
पुरतं, म्हटलं.

अर्धं तिकीट वहीतच राहिलंय, कधी या पानात, कधी त्या.
त्या दिवसाच्या हिशेबात एक तिकीट कमी येतं.
येऊ दे.