दहावी काडी

फेब्रुवारी सरायच्या आत बोलवा, मी सगळ्यांना सांगतो.
एकदा अंडी पडली की कायदा त्यांचा,
मग जुलैपर्यंत तुम्ही घरात कोट घालून बसा.
अट्रॅक्टा बर्ननं सव्वीस तारखेला फोन केला.
रॉसकॉमनच्या उघड्या माळावर एकटं घर,
दोन धुराडी, एक म्हातारी,
आणि धूर, वर जायचं विसरलेला.

जॅकडॉ म्हणजे कावळ्याचाच धाकटा भाऊ,
मानेला करडा मफलर, डोळा ताकासारखा पांढुरका.
गवंडीकाम त्याला येत नाही.
तो वरून काडी टाकतो. पडते.
दुसरी टाकतो. पडते.
कधीतरी दहावी आडवी अडकते
आणि त्या अडकण्यावर तो अकरावी ठेवतो.
वडील म्हणायचे, आमचं लग्न असंच जमलं.
आई चहा ओतत राहायची, ऐकून न ऐकल्यासारखी.

सळीला सळी जोडत ब्रश चढवला, सातव्या सळीला थांबला.
मग खालून आकडा, वरून वजन.
चादर अंथरली होती, तरी काजळी
गेलीच फडताळातल्या ताटांपर्यंत.
चार पोती निघाली:
काटेरी कुंपणाच्या काड्या, मेंढ्यांची लोकर,
गवताच्या गठ्ठ्याची निळी दोरी,
वीजबिलाचा एक कोपरा,
आणि टोपीचा तुकडा, तपकिरी, चौकडीचा.
तो तिनं उचलला, झटकला.
"ही मीच बुजगावण्याला घातली होती.
ल्यूकला कधी शोभलीच नाही."

भिंतीतल्या झरोक्यात तिनं जुने मोजे कोंबले होते,
वारा नको, चिमण्याही नकोत म्हणून.
ते उपसले, बारीक जाळी ठोकली.
सांगितलं, धूर दिसतो बाई, म्हणून तो भला.
त्याच्या मागून जो येतो त्याला रंग नाही, वास नाही,
डोळा लागला असं वाटतं, एवढंच.
तिनं मोजे धुवायला टाकले.

शिडी लावली. चालत्या धुराड्यावर जाळीचं टोपडं,
पट्टा आवळला, हलवून पाहिलं.
ती दोघं पलीकडच्या धुराड्यावर बसून बघत होती,
एकाच्या चोचीत काडी.
तिकडे सरकलो तर खालून हाक:
"मॅलकी, ते राहू दे."

ते माडीवरच्या खोलीचं. तिथली शेगडी
ल्यूकच्या शेवटच्या खोकल्यानंतर पेटलेली नाही.
"खाली फळी ठोक, फटी बुजव, काय हवं ते कर,
वरचं तोंड तेवढं उघडं ठेव.
रात्री काड्या पडतात ना, टक्, टक्,
मी मोजते.
आठ-नऊपर्यंत जाते, मग झोप लागते."

धंद्याच्या हिशेबानं हे चूक.
ओल उतरेल, भिंत पोपडे धरेल,
तीन वर्षांनी मलाच पोती भरावी लागतील.
एवढं सगळं मी तिला म्हटलं,
फळी ठोकता ठोकता.

दोन टोपड्यांचा भाव ठरला होता. वहीत एक लिहिलं.
दुसरं अजून गाडीत आहे,
बॉयलच्या वळणावर खडखडतं.

माझ्या घरी चारही धुराड्यांना जाळ्या, माझ्याच हातच्या.
बारा वर्षांत एक काडी आत आली नाही.
काल रात्री जाग आली
आणि मी कान देऊन पडून राहिलो.
बायकोनं विचारलं, काय ऐकतोयस?
काही नाही, म्हटलं,
आणि ते खरंच होतं.