वीस बाय दहा

सकाळी केदार आला, भाऊंचा पीए.
पेन ड्राइव्ह टेबलावर आपटून म्हणाला,
ताई, दोन डिझाइनं. आचारसंहितेच्या आत लागली पाहिजेत.

पहिलं नदीच्या घाटासाठी, हिंदीतून :
छठपूजेच्या शुभेच्छा, भाऊंनी हात जोडलेले,
मागे सूर्य. सूर्य जरा मोठा करा, म्हणाला, भाऊंच्या खाली.
दुसरं कमानीपाशी, सोसायट्यांच्या बाजूला :
बाहेरच्यांचे लोंढे थांबवणार.
कुर्ता तोच, हसू तेवढं पुसायचं,
जोडलेले हात कापून
जुन्या मोर्चातली एक मूठ तिथे बसवायची.

फ्लेक्स नऊ रुपये फूट. दोन्ही भाषांना एकच भाव.

बिभूती मशीनवर बसला. भद्रकचा.
अकरा वर्षं झाली, मत अजून तिकडच्या यादीत,
इथे फक्त माझ्या वहीत : पगार, उचल, सुट्ट्या.
स्क्रीनकडे बघत म्हणाला, ताई, टिंब राहिलंय.
खरंच. केदारच्या फायलीत होतं :
बाहेरच्यांचे लोढे थांबवणार.
लोढ्यांची साठ मतं आहेत आमच्या वॉर्डात,
गणपती मंडळ त्यांचं, टँकर त्यांचे.
केदारला घाम फुटला.
बिभूतीनं टिंब दिलं. चहा मागवला कुणी, तर मीच.

मी विचारलं, दोन्हीकडे दोन बोललं तर चालतं का रे?
तो म्हणाला, ताई, साइटवरच्यांना इथे मत कुठंय?
मत नाही त्यांच्यावर कडक व्हायचं,
मत आहे त्यांना घाट बांधून द्यायचा.
साइट कोणाची, ते मी विचारलं नाही.
तिचेही ब्रोशर इथेच छापले होते, आर्ट पेपरवर,
भूमिपूजनाला भाऊच होते.

दुपारी परचुरे काका. सोसायटीचा स्टिकर हवा :
कामवाल्या व डिलिव्हरीवाल्यांनी मागची लिफ्ट वापरावी.
शाई वाळत घातलेली मूठ त्यांनी पाहिली,
चष्मा वर करून पुन्हा वाचलं.
बरोबर आहे. यंदा यांनाच.
मग मोबाइल काढला. शेखर, लीड्सला असतो.
तिकडेही इलेक्शन आहे म्हणे, व्हिसाचे नियम आवळणार.
बायकोला रात्री झोप नाही.
आमचा शेखर कुणाच्या पोटावर पाय देत नाही हो,
म्हणाले. माझ्याकडेच बघत म्हणाले,
जणू शिक्का माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.
मी पाणी दिलं. स्टिकरचे पंचेचाळीस घेतले.

मी किल्लारीनंतरची.
भूकंपाच्या दुसऱ्या वर्षी शिवाजीनगर स्टँडवर उतरले,
पत्र्याची पेटी, कडेवर भाचा.
'काय करायलास'चं 'काय करतोयस' व्हायला
तीन वर्षं गेली. दुकानात काही मागायचं तर
आधी मनात म्हणून बघायचे.
अजूनही रागावले की जुनंच तोंडात येतं,
बिभूती तेव्हा हसतो,
म्हणतो, ताई, हे व्याकरणात नाही.

रात्री बांबू घेऊन मालद्याची पोरं आली.
मी ब्लेड काढलं. वाऱ्याला वाट म्हणून
मोठ्या फ्लेक्सला आम्ही चंद्रकोरी कापतो.
सोफिकुल म्हणाला, दीदी, भोकं नको.
का रे?
निकाल लागला की उतरवणार आम्हीच.
जूनपर्यंत घडी करून ठेवतो, मग खोलीवर टाकतो.
भोकातून गळतं.
वाऱ्यानं फाटला तर केदार माझ्या नावानं ओरडेल.
नाही फाटत. मी बांधतो.

ब्लेड मी परत खणात टाकलं.
कुठला पाहिजे तुला, विचारलं.
त्यानं दोन्ही कडा बोटांत धरल्या, चोळून पाहिल्या,
आईसाठी कापड घेताना बघतात तशा.

हा जाड आहे, म्हणाला.
लोंढेवाला.