शितावरून

दाणाबंदरात दाणा उरला नाही, सगळा वाशीला गेला.
नाव उरलं, आणि तिसऱ्या मजल्यावरची आमची प्रयोगशाळा,
जिथे निळ्या ट्रेवर मी तांदूळ निवडते.
खडे नाहीत.
दाणे. अख्खे डावीकडे, तुटके उजवीकडे,
पाऊण लांबी भरली तर अख्खा, नाही तर कणी.
चिमटा तोच, सतरा वर्षं.
चष्म्याचा नंबर तेवढा बदलला.

इस्माईल डोंगरकर गोदीतून नमुने आणतो.
पोत्याच्या कुशीत परखी खुपसतो, अर्धा वळसा,
मूठभर तांदूळ बाहेर,
आणि भोक अंगठ्याने रगडत बसतो
विणीचे धागे परत शेजारी येईपर्यंत.
"शितावरून भाताची परीक्षा," म्हणतो,
"आणि भातावरून आपली."

मंगळवारी पहाटे दिल्लीहून कागद आला. दोनच पानं.
तुकडा तांदूळ देशाबाहेर जाणार नाही, तात्काळ प्रभावाने.
तात्काळ म्हणजे किती वाजता, ते लिहिलं नव्हतं.
बोटीचं तिसरं खण अर्धं भरलेलं.
वालावलकरसाहेब टोपी सावरत धक्क्यावर आले, म्हणाले,
बोटीत पडलं ते गेलं, धक्क्यावर आहे ते राहिलं.
आणि क्रेनच्या आकड्याला लटकलंय ते?
सगळ्यांनी वर पाहिलं.
तीस पोती, ऊन लागलेली,
वाऱ्याने जरा या देशात, जरा त्या.

दुपारपर्यंत फोन चालले.
वर केबिनमध्ये यल्लाप्पाने डबा उघडला,
एका हाताने जेवला, दुसरा दांड्यावर.
एका पोत्याची वीण मिटली नव्हती.
दाणे पडत होते, एकेक,
बोट आणि धक्का यांच्यामधल्या हातभर काळ्या पाण्यात.
"माझंच भोक," इस्माईल म्हणाला,
आणि दिवसभर कुणाशी बोलला नाही.

कागद चुकीचा आहे असं मी म्हणत नाही.
शिवडीला रेशनच्या रांगेत उभी राहते मी,
किलोमागे चार रुपये चढले की
शेजारची रत्नप्रभा कुणाचं ताट आधी कमी करते
ते मला भिंतीपलीकडून कळतं.
स्वतःचं.
घरचं आधी, हे कुणाला शिकवावं लागत नाही.

पण परत येताना पेट्रोल पंपापाशी
मला पेजेचा वास येतो.
भास असेल.
कणी आता टाकीतही जाते म्हणतात,
आणि गाडीला
मशीनवर अंगठा उठवावा लागत नाही.

संध्याकाळी डाकारहून मादाम कुंबाचा फोन.
साहेब नव्हते, मी घेतला.
तिचं इंग्रजी तुटकं, माझंही, म्हणून जमलं.
ती म्हणाली, आमच्या बाजारात बायका
अख्खा तांदूळ हातात घेऊन परत ठेवतात.
अख्खा दाणा माशाचा रस पीत नाही,
वरून ओघळू देतो.
तुटलेला धरून ठेवतो.

सतरा वर्षं मी ज्याला दोषाच्या रकान्यात लिहिलं!
आई कण्या शिजवायची,
दारात कुणी आलं की पातेल्यावर परात उपडी.
वाफ कडेने यायचीच.
आम्ही भावंडं पाहुण्याच्या नाकाकडे बघत बसायचो.

हे मादामला सांगावंसं वाटलं,
पण परातीला इंग्रजीत काय म्हणतात ते सुचेना.

मग तिने विचारलं, किती दिवस?
मला काय माहीत.
माहीत होतं ते सांगितलं:
तुकडा अठ्ठ्याण्णव टक्के, ओलावा तेरा,
कीड नाही, वास नाही.
"चांगला आहे," ती म्हणाली,
मागे कुणी तरी भांडी लावत होतं,
आणि पुन्हा विचारलं, किती दिवस?