गार होईपर्यंत

डॉक्टर पेनहॅलोंनी रिपोर्टातल्या एका आकड्याभोवती
लाल गोल काढला आणि विचारलं,
"एरल, सकाळी नेमकं काय खाता?"
मी खोक्याचं नाव सांगितलं.
त्यावर उड्या मारणारं अस्वल असतं, हेही सांगितलं.
बाई हसल्या नाहीत.

तीस वर्षं लाकडाचे ट्रक हाकले मी
ह्युऑन नदीच्या काठाकाठानं,
धुक्यात, उतारावर,
पाठीवरच्या ओंडक्यांनी ब्रेक कण्हत असताना.
आणि आता एकसष्टाव्या वर्षी
एप्रन बांधून ओट्स मोजतोय. चार कप.
हे आमच्याकडे घोड्याचं खाणं.
आजोबांचा बार्नी तोबऱ्यात तोंड खुपसून हेच चघळायचा
आणि सत्तावीस वर्षं जगला,
म्हणजे बाईंचं काही चुकत नसावं.

अक्रोड कुंपणापलीकडच्या झाडाचे.
हातोडीनं फोडले: निम्मा गर, निम्मा भुगा,
आणि अंगठ्याचं नख काळंनिळं.
भोपळ्याच्या बिया, सूर्यफुलाच्या, मूठमूठ.
चिमूटभर मीठ,
ते राहिलं की सगळं मुळमुळीत,
हे मला पहिल्या घाण्यानं शिकवलं.
बातम्या बघत भाजू नये, हे दुसऱ्यानं.
तो कोंबड्यांना घातला.
त्यांनी माना वाकड्या करून पाहिलं
आणि चालत्या झाल्या.

मध ओडेटचा.
तिच्या पेट्या उन्हाळ्यात पश्चिमेला जातात,
लेदरवुडच्या पांढऱ्या फुलांत,
त्याच रानात, जिथून मी ओंडके आणायचो.
हे ती कधी बोलत नाही.
बरणी देते, पैसे घेते,
रिकामी बरणी धुऊन परत मागते.
झाकण उघडलं की ते अख्खं रान घरात येतं,
आणि मी उगाच खिडकीकडे बघतो.
तीन चमचे. चौथा नाही.
चौथ्यापाशी हात घुटमळतो,
आत घेत नाहीत हे ठाऊक असलेल्या कुत्र्यासारखा, उंबऱ्यावर.

टॅम्सिन परवा रात्री आली, होबार्टहून.
दोन बॅगा आणि एक कुंडी.
सुट्टीला येणारं माणूस कुंडी घेऊन येत नाही,
एवढं ट्रकवाल्यालाही कळतं.
मी विचारलं नाही. तिनं सांगितलं नाही.
काल दिवसभर आम्ही हवेबद्दल बोललो.
जुलैत इथे हवा एकच असते,
तरी पुरली.

दीडशे अंश. मंद.
घाई केलीत तर वरून करपतं, आतून कच्चं.
दर दहा मिनिटांनी उलथनं फिरवायचं,
कडेचं मध्ये, मधलं कडेला.
दालचिनीचा वास जिना चढून गेला असावा,
कारण ती खाली आली,
माझे जुने लोकरी मोजे घालून,
डोळे सुजलेले.

"झालं?"
"नाही. हात लावू नकोस."
भट्टीतून काढलेलं मऊच असतं.
पहिल्यांदा मला वाटलं होतं, बिघडलं,
आणि ढवळत बसलो, आणि हाती आला भुसा.
कुरकुरीतपणा आगीवर येत नाही.
तो आगीवरून उतरल्यावर येतो,
कोणी खुपसून बघितलं नाही तर.

तर ट्रे मध्ये ठेवून आम्ही बसलो.
बाहेर सफरचंदाच्या फांद्यांवर हिम,
पानं नसलेल्या बागेत कुणाचं तरी मांजर.
टिकटिक करत पत्रा निवत होता.
एक प्रश्न जिभेवर होता माझ्या, चांगलाच गरम.
मी चहा गाळला.

तिनं शेवटी कोपरा मोडलाच.
"मऊ आहे अजून."
"असू दे."
खाल्ला. बोटं चाटली.
मग वाटीत बघत म्हणाली,
"बाबा, या घरात
ऊन सगळ्यात जास्त कुठे येतं?
कुंडीला विचारतेय."

"उत्तरेच्या खिडकीत," मी म्हणालो,
आणि मधाची बरणी उचलून
जागा केली.