वायच थांबा

वेंगुर्ल्यात बंदराकडे उतरताना
डाव्या हाताला ‘सागरिका’ खानावळ.
पाटीवरचा ‘सा’ कधीतरी वाऱ्याने नेला,
म्हणून आता नुसतीच ‘गरिका’.

आम्ही पावणेदोनला बसलो.
टेबल ओलं. पुसलेलं नव्हे, ओलं.
फडकं फिरून गेलं होतं
आणि आधीच्या माणसाची शितं
फक्त माझ्या बाजूला सरकवून गेलं होतं.
पंखा होता. त्याचं बटण कुणाला ठाऊक नव्हतं.

गल्ल्यावर मालक, सातार्डेकर
(नाव नंतर बिलावरून कळलं),
मोबाइलात मॅच, मॅचमध्ये तो.
वाढायला पोरगा एकच, बाबलो,
एक इअरफोन कानात,
दुसरा लोंबता, गिऱ्हाइकांसाठी.
‘काय हाडू?’ म्हणाला
आणि उत्तराच्या आधीच निघून गेला.

दोन दहाला पाणी.
दोन वीसला मीठ आणि लिंबू, ताटाशिवाय.
मग शेजारच्यांची सुरमई चुकून आमच्याकडे आली,
आम्ही नीट बघेपर्यंत परतही गेली,
वास तेवढा आमच्या टेबलावर विसरून.
‘वायच थांबा,’ बाबलो म्हणाला.
आम्हाला कळेना, ही विनंती आहे
की या गावचं घड्याळ.

प्रभंजन, माझा मेहुणा, अंबाजोगाईचा,
भूक लागली की कायद्याचं बोलतो.
‘ग्राहक’ हा शब्द त्याने तीनदा वापरला.
चौथ्यांदा वापरणार
एवढ्यात ताटं आदळली.

आता काय सांगू.
बांगड्याचं तिखलं,
भिजलेल्या जांभ्या दगडाच्या रंगाचं.
तिरफळ आधी नुसतं ओळख दाखवतं
आणि आपण पुढे गेलो की
मागून जिभेला चिमटा काढतं.
मोरीच्या मटणात भाजलेलं खोबरं
असं काही मुरलेलं
की मासा कुठे संपला ते बोटांनाही सांगता येईना.
वड्यात धणे, मेथी, आणि आत कोंडलेली वाफ.
सोलकढी मी वाटी तिरकी करून
शेवटच्या गुलाबी ओघळापर्यंत प्यायलो.
प्रभंजन गप्प.
त्याच्या हनुवटीवर रस्सा
आणि ग्राहकाचं नावही नाही.

मग भात मागितला. बिल आलं.
बिलात कुणा परक्याची कोळंबी.

‘मागे इचारा,’ सातार्डेकर, मान वर न करता.
षटक चालू होतं.

मागे भिंतीत हातभर खिडकी.
भरली ताटं तिच्यातूनच बाहेर येतात,
उष्टी तिच्यातूनच आत जातात.
पलीकडे एक बाई, फुलावती,
कपाळावरचा घाम मनगटाने मागे सारत.
तिने माझं तोंड बघितलंच नाही.
पाठोपाठ बाबल्याने आणून ठेवलेलं
माझं ताट बघितलं,
काटे किती चोखलेत ते.
‘तिरफळां जास्त पडली काय?’

नाही, मी म्हटलं. हवी तेवढीच.
मोरी तर, मी म्हटलं,
आणि पुढचा शब्द सापडेना.

झारा तेलावर तसाच राहिला.
‘अकरा वर्सां झाली,’ ती म्हणाली,
‘हयसून ताटां भायर जातत, रिकामी येतत.
कोण कायच सांगणा नाय.
कधी कधी वाटता,
वाटेतच सांडली काय.’

तिच्यापासून आमच्यापर्यंत यायला
जेवणाला पन्नास मिनिटं लागली होती.
अंतर बारा पावलांचं.
उलट दिशेने किती जण काय काय म्हणाले असतील,
बाबल्याच्या लोंबत्या इअरफोनपाशी
ते सगळं थांबलं असेल,
गल्ल्याखाली निवत गेलं असेल.
मीही एरवी बडीशेप तोंडात टाकून
सरळ गाडीत जाऊन बसलो असतो.

तिने कढईतला वडा काढला,
ताट नाही, कागद नाही,
खिडकीतून थेट माझ्या तळहातावर.
भाजलं. मी सोडला नाही.

बाहेर प्रभंजनने अर्धा तोडून घेतला,
फुंकर घालत विचारलं,
‘कोळंबीचे पैसे केले का कमी?’

‘वायच थांब,’ मी म्हटलं.
तोंडात वडा होता.